समाधीचं प्रमाणपत्र कोण देणार?

रावपुराकर: काल आपल्या गटात एका ध्यानवर्गाची जाहिरात आली: पहिल्या महिन्यात धारणा, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात समाधी, प्रत्येक टप्प्याला प्रमाणपत्र. डोकंच फिरलं. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या भागाच्या, विभूतिपादाच्या, पहिल्या तीन सूत्रांत हे तिन्ही सांगितलं आणि चौथ्यात लगेच 'त्रयमेकत्र संयमः', तिन्ही एकत्र म्हणजे संयम, म्हणून एकत्र बांधलं. चित्त एका जागी बांधलं की धारणा, तोच प्रत्यय, म्हणजे त्या विषयाची जाणीव, अखंड वाहू लागला की ध्यान, आपण ध्यान करतोय हेही सुटून नुसता विषय उरला की समाधी. बैठक एकच, ती खोल होत जाते. शिवाय निर्बीज, म्हणजे कसलाच विषय न उरलेल्या, समाधीच्या दृष्टीने हे तिन्हीही बहिरंगच, बाहेरचंच, असं आठवं सूत्र सांगतं. मग तिसऱ्या महिन्यात कागद कशाचा देणार?

मांजलपूरची वहिनी: काका, मापं आपल्या परंपरेतच आहेत. कूर्मपुराणात बारा प्राणायामांची एक धारणा, बारा धारणांचं ध्यान, बारा ध्यानांची समाधी, असा हिशेब आहे. नवशिक्याला पायरी लागतेच. सासरे गेल्यावर आमच्या सासूबाईंची झोपच उडाली. अशाच एका वर्गात त्या समईच्या ज्योतीवर नजर ठेवून बसायला शिकल्या. आता पहाटे उठून देवघरात आपल्या आपण बसतात. त्यांना सूत्राचा आकडा विचारू का?

दांडियाबाजारवाला: पायऱ्या कसल्या घेऊन बसलात! 1908 च्या जानेवारीत इथेच, बडोद्यात, योगी विष्णु भास्कर लेल्यांनी अरविंदबाबूंना, अरविंद घोषांना, ध्यानाला बसवलं. विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधी परतवा, एवढंच सांगितलं. तीन दिवसांत मन निःशब्द! दांडियाबाजारातलं अरविंद निवास सगळ्यांना माहीत, पण लेल्यांचं नाव आपल्या मराठी घरांतसुद्धा कोणी घेत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

रावपुराकर: त्याआधी अरविंद काही वर्षं प्राणायाम करत होते, हे का गाळता?

दांडियाबाजारवाला: गाळत नाही. राजकारणाच्या धावपळीत तो अनियमित झाला, साधना अडली, म्हणून तर लेल्यांना गाठलं! आणि जे झालं ते लेल्यांनाही अपेक्षित नव्हतं. त्यांचा मार्ग भक्तीचा, अरविंदांना आला निर्गुण ब्रह्माचा अनुभव. बसवा हे तुमच्या तक्त्यात.

गुडघेदुखीवाले: तुमचं चालू द्या, पण मला एका वर्गात खुर्ची नाकारली, मांडीच घाला म्हणाले. पतंजलींची आसनावर सूत्रं तीनच, पद्मासनाचं नावही नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातल्या आसनांच्या यादीत तर आधार घेऊन बसायचं 'सोपाश्रय' आसनही आहे. यावर कोणी बोलत नाही!

मांजलपूरची वहिनी: खुर्ची द्यायलाच हवी. प्रमाणपत्रंही नकोत, बरं, सोडलं तेवढं. पण वर्गाला नावं ठेवू नका.

रावपुराकर: वर्ग खुशाल चालू दे, फलकावरून समाधी उतरवा. सासूबाई करतात ती धारणा, आणि तीही काही थोडीथोडकी नव्हे.

मांजलपूरची वहिनी: ती धारणाच, ध्यान नाही, हे तुम्ही रावपुऱ्यात बसून कसं ठरवलंत? प्रमाणपत्र देणाऱ्यांवर तुमचा राग होता ना, काका?