शब्दचर्चा : ताकोची चव लिहिताना – खरपूस, विरी, तर्री

मेक्सिको सिटीहून

कामासाठी सहा आठवडे इथे आहे. रोज संध्याकाळी एका नव्या ताकेरियात, म्हणजे ताकोच्या दुकानात, जाते आणि रात्री घरच्यांसाठी मराठीत लिहून ठेवते : काय खाल्लं, कसं होतं, पुन्हा जावं का. खाताना सगळं कळतं, लिहायला बसलं की शब्द अडतात. म्हणून इथे विचारते.

काल नार्वार्ते भागातल्या एल विल्सितोला गेले. दिवसा तिथे मोटारी दुरुस्त होतात, रात्री त्याच जागेत ताको मिळतात. ‘अल पास्तोर’ ही त्यांची ओळख. डुकराच्या मांसाचे पातळ काप सुक्या मिरच्या आणि आचिओतेच्या वाटणात घोळवून उभ्या सळईवर एकावर एक चढवतात. आचिओते म्हणजे आपल्याकडचं शेंद्रीचं बी. तो लाल शंकू आगीसमोर फिरत राहतो. त्याला ‘त्रोंपो’ म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये त्रोंपो म्हणजे भोवरा! ही पद्धत लेबननहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शवर्म्यातून आली. माथ्यावर अननस खोचलेला असतो, त्याची चकती वरून उडवून खालच्या ताकोत झेलतात.

अडचण अशी. शंकूचा बाहेरचा थर आगीने काळपट-लाल होतो आणि सगळी गोडी त्या कडांत असते. ‘जळलेल्या कडा’ लिहिलं तर तक्रार वाटते, ‘भाजलेल्या’ लिहिलं तर काहीच कळत नाही. शिवाय कारागीर लांब सुरीने ते मांस वरून खाली सोलल्यासारखं काढतो, त्याला ‘कापतो’ म्हणणंही मला पटत नाही.

दुसरं, तोर्तिया, म्हणजे ताकोत ज्यावर मांस वाढतात ती चपटी गोल रोटी. पोळी म्हणू, भाकरी म्हणू, की तोर्तियाच ठेवू? तिसरं, बिर्रियाच्या, म्हणजे मिरच्यांच्या वाटणात शिजवलेल्या मटणाच्या, ताकोवर लाल तेलाचा जो थर असतो, त्याला काय म्हणायचं? आणि मुळात लिहायचं कसं : टॅको, टाको की ताको?

कोल्हापूरहून

ताई, पहिल्याचं उत्तर ‘खरपूस’. याहून नेमका शब्द सापडणार नाही. भाजणं जिथे संपतं आणि जळणं जिथे सुरू होतं त्या रेषेच्या अलीकडे, अगदी चिकटून, खरपूस असतं. रेषा ओलांडली की ‘करपलं’. खोबरं, शेंगदाणे, मटणाच्या वाटणातला कांदा, सगळ्यांना हाच नियम. ‘खमंग’ वेगळा, तो आधी नाकाचा शब्द आहे, लांबूनही लागू पडतो. खरपूस दाताखाली आल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि ‘करपट’ हा वासाचा किंवा चवीचा दोष. दूध खाली लागलं तर ते करपट लागतं, दिसायला पांढरंच असतं. परीक्षण लिहिताना हे तिन्ही वेगळे ठेवलेत तर वाचणाऱ्याला दुकानदाराचा हात कळेल.

सुरीचं म्हणाल तर ‘तासणे’. सुतार लाकूड तासतो, ऊस तासतात, पेन्सिल तासतो. वरचा थर पातळ निघतो आणि आतलं अंग तसंच उभं राहतं. भोवऱ्यावरून मांस तासतात, असं लिहा.

इथेच साल्साचंही सांगतो. दगडी खलात, त्यांच्या मोल्काहेतेत, मिरची-टोमॅटो रगडून केलेली असेल तर तिला सरळ ठेचा म्हणावं. भरड राहते, बिया दिसतात, मीठ खड्याचं लागतं. मोल्काहेते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा असतो आणि आपला पाटा-वरवंटाही बसाल्टाचाच, तेव्हा दगडाचंही नातं आहे. मिक्सरमधली गुळगुळीत साल्सा मात्र ठेचा नव्हे, ती चटणी. हा फरक मी सोडणार नाही, कारण ठेच्यात मिरची मधूनच जिभेला भेटते आणि चटणीत पहिल्या घासापासून सारखी लागते.

जळगावहून

तोर्तियाबद्दल. मक्याची असेल तर ती भाकरीच्या कुळातली, गव्हाची असेल तर पोळीच्या. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते लाटलं तर फाटतं, म्हणून थापायचं किंवा दाबयंत्रात दाबायचं. आई भाकरीचं पीठ जुनं झालं की म्हणायची, ‘विरी गेली.’ थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकताना मधून मोडते. चांगल्या पिठाला विरी असते, म्हणजे ते धरून राहतं. ताको हातात धरल्यावर मधोमध तडकला आणि रस मनगटावर आला, तर एवढंच लिहा : तोर्तियाला विरी नव्हती. आमच्याकडचा कुणीही समजेल.

उत्तरेकडच्या सोनोरा राज्यात गव्हाच्या तोर्तिया करतात, त्यात चरबी घालतात. त्या ‘मोहन घातलेल्या’. तिथलीच ‘सोबाकेरा’ नावाची एक प्रचंड मोठी, पातळ तोर्तिया हातावर झेलत-ताणत कोपराच्या वरपर्यंत पसरवतात. तिचं नावच काखेच्या स्पॅनिश शब्दावरून पडलंय. खान्देशात खापरावरचे मांडे करताना बाई हेच करते, दोन्ही हातांवर ताणत पीठ कोपरापर्यंत आणते आणि मग तापलेल्या खापरावर सोडते. सोबाकेरा खाल्लीत तर तिचं वर्णन मांड्यांच्या शब्दांत करून बघा.

शिकागोहून

मला थोडं अडवायचंय. वीस वर्षं पिल्सन आणि लिटल व्हिलेज या दोन मेक्सिकन वस्त्यांच्या मधे राहतोय. भाकरीचे गुणदोष सांगणारे शब्द जरूर वापरावेत, पण वस्तूचं नाव तोर्तियाच राहू द्या. कारण चुना. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, साल सुटतं, मग धुऊन ओलंच दळतात. अशा मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात आणि शब्द आस्तेकांच्या (अझ्टेकांच्या) नाहुआत्ल भाषेतला आहे. चुन्यामुळे पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, कृती गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत नायासिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्या दुकानातल्या मक्याच्या पिठाची भाकरी उत्तम होते, पण तिला तो वास येत नाही. चुना फासलेल्या भिंतीवर पाणी शिंपडल्यावर येतो, त्याच्या जवळचा, पण गोडसर. आपल्याकडे कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत भिजवतात, तेव्हा ‘निवळीतल्या मक्याची तोर्तिया’ असं एकदा समजावून सांगावं आणि पुढे नुसतं तोर्तिया.

गुणदोषांच्या शब्दांत माझी भर. थंड झालेली तोर्तिया ‘वातड’ होते : वाकते, पण तुटत नाही, दाताने ओढावी लागते. मांस असं लागलं तर ते ‘चिवट’. आणि तळलेल्या, होडीसारख्या कडक कवचाचा अमेरिकन ताको हवेने मऊ पडला तर तो ‘सादळला’. टाको बेल या अमेरिकन दुकानसाखळीने १९६२पासून हे कवच घरोघरी नेलं आणि भारतातही पुष्कळांचा पहिला ताको तोच असतो. मुंबईत एका ठिकाणी मला असाच सादळलेला मिळाला होता. पैसे पुरे घेऊन असं कवच पुढे ठेवणं मला अजून खटकतं. वातड आणि सादळलेलं यांत गल्लत करू नका. सादळण्याआधी वस्तू कुरकुरीत असावी लागते.

पणजीहून

लिखाणाचं सोपं आहे. स्पॅनिशमधला तो ‘त’ दंत्य आहे, जीभ दाताला लागते. इंग्रजीत तसा त नाही म्हणून आपल्याकडे ट आला. मराठीत दोन्ही आहेत, मग ताकोच लिहावं. ‘टाको’ लिहिलं तर ‘टाकणे’चं आज्ञार्थाच्या जवळचं रूप वाटतं, ‘येवो, जावो’सारखं. ताकोत ताकाचा भास होईल, पण ‘ताकाची चव’ आणि ‘ताकोची चव’ वाक्यात वेगळी पडते. लिंग पुल्लिंगी ठेवा, स्पॅनिशमध्येही तसंच आहे. अनेकवचनात बदल नको : एक फोटो, चार फोटो, तसा एक ताको, चार ताको. ‘ताकोज’ कशासाठी?

अननस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला, मेक्सिकोत त्याच फळाला ‘पिन्या’ म्हणतात. त्याउलट चिकू थेट तिकडचा : नाहुआत्लमधल्या नावाचं स्पॅनिश ‘चिकोसापोते’ झालं आणि त्यातलं चिकू आपल्याकडे राहिलं. तिथे चोरिसोचा, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा, ताको खाल्लात तर गोव्याच्या चोरिसांशी ताडून बघा. दोन्ही घराणी आयबेरियातली, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडची, दोन्हीकडे मिरची आणि व्हिनेगर. गोव्यातला आंबूस आणि सुकवलेला, मेक्सिकोतला बहुधा ओला, तव्यावर मोकळा होणारा. ‘मोकळा’ हाही चांगला शब्द आहे, खिम्याला वापरतो तो.

नागपूरहून

तेलाचा लाल थर म्हणजे तर्री, यात विचारायचं काय आहे ताई! सावजी रश्शावर येते ती, तर्रीपोह्यांवर सोडतात ती.

कोल्हापूरहून

आमच्याकडे मिसळीवरचा ‘कट’. नुसतं वर तरंगणारं तेल असेल तर ‘तवंग’ हा सगळीकडे चालणारा शब्द आहे.

नागपूरहून

दादा, तवंग कसलाही असतो, गार झालेल्या चहावरसुद्धा येतो. तर्रीत मसाल्याचा रंग आणि तिखटपणा उतरलेला असतो. बिर्रिया मुळात हालिस्को राज्यातली, बोकडाच्या मटणाची. सुक्या मिरच्यांच्या वाटणात तासन्‌तास शिजवतात, चरबी वर येते आणि मिरचीचा रंग घेते. तिहुआनाकडच्या केसाबिर्रियात तोर्तिया त्याच चरबीत बुडवून तव्यावर टाकतात, वर चीज आणि मांस, आणि सोबत पेल्यात रस्सा. तोर्तिया तर्रीत बुडवली, असंच लिहावं लागेल. तवंगात बुडवली म्हटलं तर खावीशी वाटणार नाही.

मेक्सिको सिटीहून

नागपूरकरांचं पटलं. तर्री लिहीन. बाकी शब्द लगेच वापरून पाहिले.

आज सान राफाएल भागात एल कालिफा दे लेओनला गेले. १९६८पासूनचं दुकान, बसायला जागा नाही, उभ्यानेच खायचं. मे २०२४मध्ये त्याला उत्तम खाणावळींना दिला जाणारा मिशलिनचा तारा मिळाला, मेक्सिकोतल्या ताकेरियाला मिळालेला पहिलाच. ‘गाओनेरा’ हा तिथला नावाजलेला ताको, बैलाशी झुंजणाऱ्या रोदोल्फो गाओनाच्या नावाचा : गोमांसाचा पातळ काप, मीठ, लिंबू, बस. मी गोमांस खात नाही म्हणून ‘चुलेता’ घेतला, डुकराचा. माझी नोंद वाचून दाखवते :

‘तोर्तिया डोळ्यांसमोर दाबून तव्यावर टाकली, हातात आली तेव्हा चटका बसत होता. विरी उत्तम, शेवटच्या घासापर्यंत तडकली नाही. मांस कडेने खरपूस, मधे रसाळ. मीठ आणि लिंबाशिवाय त्यावर काही नाही आणि काही नको. सोबतची लाल साल्सा तिखट, पण ठसका लागू न देणारी. पुन्हा जाणार.’

पूर्वी हीच नोंद मी ‘खूप छान, मऊ, चविष्ट’ अशी लिहिली असती. त्यातून कुणाला काय कळलं असतं?

इथलं एक बोलणं तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. दोन तोर्तियांवर ताको हवा असेल तर ‘कोन कोपिया’ म्हणतात, म्हणजे ‘नकलेसकट’. वर कांदा-कोथिंबीर हवी तर ‘कोन तोदो’, सगळ्यासकट. पहिल्या दिवशी हे कळलं नाही, आता सवयीने तोंडात येतं.

पण एक शब्द अजून सापडत नाही. सकाळी सायकलवर मोठी टोपली बांधून ‘ताकोस दे कानास्ता’, म्हणजे टोपलीतले ताको, विकतात. बटाटा, घेवड्याच्या बियांची उसळ किंवा मांस भरलेले छोटे ताको टोपलीत रचतात, वरून कढत चरबी ओततात, कापडात-प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. तलास्काला राज्यातलं सान विसेन्ते शिलोशोचित्ला हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांना ‘सुदादोस’ही म्हणतात : घाम आलेले. आपल्याकडे गरम पोळ्या डब्यात भरल्या की घामेजतात आणि आपण त्या वाईट मानतो. इथे तेच हवं असतं. तोर्तिया मऊ पडते, भाजी आणि पोळी वेगळी राहत नाही. ‘घामेजलेला’ लिहिलं तर कुणी खाणार नाही, ‘वाफवलेला’ लिहिलं तर मोदक डोळ्यांसमोर येतो.

जळगावहून

आपापल्या वाफेत नि स्निग्धात बसून एकजीव झालेलं ते ‘मुरलेलं’. लोणचं मुरतं, आदल्या दिवशीचा रस्सा मुरतो, शिरा झाकून ठेवला की मुरतो. ‘घामेजलेला’ बाहेरचं पाणी सांगतो, ‘मुरलेला’ आतली चव. टोपलीत मुरलेला ताको म्हणा.

मेक्सिको सिटीहून

हाच. उद्या सकाळी सायकलवाल्याकडून बटाट्याचे दोन घेते आणि याच शब्दाने नोंद सुरू करते.