मदत हवी आहे: डार्क माफिया रोमान्सच्या जोडीला मराठीत काय द्यावं?
अमळनेरला आमचं छोटं वाचन मंडळ आहे. सगळ्या मुली अठराच्या पुढच्या, कॉलेजच्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या. सध्या त्यांना इंग्रजी डार्क माफिया रोमान्सचं वेड आहे: इटालियन नाहीतर रशियन टोळीचा वारस, वैर मिटवायला लावलेलं लग्न, अपहरण, खून आणि शेवटी सुखाचा संसार. हिंसा, जबरदस्तीची सूचना बऱ्याच पुस्तकांत पहिल्याच पानांवर असते, त्यामुळे आपण काय वाचतोय हे त्यांना पक्कं माहीत असतं.

ओढ मलाही कळते, मी त्यातली काही वाचली आहेत. सगळ्यांना धाकात ठेवणारा माणूस एकीपुढेच नमतो, शेवट गोड असणार याची खात्री असते आणि भीती वाटली तर पुस्तक मिटता येतं. एक जण म्हणाली, "ताई, लग्न तर आपल्याकडेही घरचेच ठरवतात. पण तिथं नवरा तिच्यासाठी घरच्यांशी भांडतो ना!" हे माझ्या डोक्यातून जात नाही.

स्त्रीवादी कथासंग्रह देऊन पाहिले; आवडले, पण रात्र जागवणारी ओढ नाही म्हणाल्या. जुन्या रहस्यकथांत नायिका नावापुरतीच. उपदेश मला करायचा नाही, तो ऐकला की मुली बोलायच्याच थांबतात.

अनुवाद नकोत, मूळ मराठी हवं. अहिराणी असेल तर फारच छान. छापील प्रत मिळायला हवी. धोका आणि प्रेम दोन्ही असलेली, पण निर्णय नायिका घेते अशी कोणती कादंबरी सुचवाल? आणि या पुस्तकांवर चर्चा घ्यायची तर पहिला प्रश्न कोणता विचारावा?