भावाला हिपॅटायटीस बी निघालंय, हे पूर्ण बरं होतं का?

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, केळी हीच शेती. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, त्यात मोठ्या भावाने रक्त दिलं आणि पंधरा दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की येऊन भेटा. गेलो तर हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह म्हणे. भाऊ ३१ वर्षांचा, दिवसभर घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत नेतो, ना ताप ना डोळे पिवळे, काहीच नाही. घरी आईने "मन्हा पोऱ्याले काय व्हयनं" करत रडून घेतलं आणि त्याचं ताट-तांब्या वेगळा काढला. काका म्हणतात कावीळच आहे ना, बाजूच्या गावात माळ घालून उतरवतात तिथं नेऊ. त्यात आमच्या एका नातेवाइकाला असंच लिव्हरचं निघालं होतं, त्याने तीन महिने गोळ्या खाल्ल्या आणि कायमचा बरा झाला, मग त्याच गोळ्या भावाला चालतील का? वहिनीला पाचवा महिना आहे, तिला अजून सांगितलंच नाही, झोप उडालीय सगळ्यांची. हे पूर्ण बरं होतं का आणि बाळाला होऊ नये म्हणून काय करायचं, कोणी नीट सांगा.

लॅबवाला_भुसावळ
भाऊ, मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज ह्याच टेस्ट लावतो म्हणून सांगतो. आधी "कावीळ" हा शब्द बाजूला ठेवा, सगळा घोळ त्याच्यानेच होतो. ए, बी, सी, डी, ई हे पाच वेगवेगळे व्हायरस आहेत आणि आपण सगळ्यांना एकच नाव देतो. तुमच्या नातेवाइकाला बहुतेक सी असणार. सी साठी सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर अशा गोळ्या १२ आठवडे देतात, सिरॉसिस म्हणजे लिव्हर कडक झालेलं असेल तर २४, आणि १०० मधले ९५ च्या वर पेशंट पूर्ण बरे होतात, व्हायरस रक्तातून निघूनच जातो. पण सी ला लस नाही आणि पुन्हा लागण होऊ शकते. बी चं बरोबर उलटं आहे. लस एकदम चांगली आहे पण एकदा जुनाट झाला की मुळासकट काढणारं औषध अजून नाही, गोळ्यांनी दाबून ठेवता येतो. म्हणून सी च्या त्या गोळ्या भावाला स्वतःहून अजिबात देऊ नका.

डोळे पिवळे नाहीत म्हणता ना, तेच तर. कावीळ झालेल्या माणसाचं रक्त मशीनमध्ये फिरवलं की वरचं पाणी हळद कालवल्यासारखं येतं. बी घेऊन वर्षानुवर्षं फिरणाऱ्याचं मात्र बऱ्याचदा साधं फिकट गवती, तुमच्या-माझ्यासारखंच. पट्टीवर दुसरी रेघ उमटते तेव्हाच कळतं. मोठ्या माणसाला नवी लागण असेल तर बहुतेकांचं शरीर सहा महिन्यांत आपोआप साफ करतं, जन्माच्या वेळी लागलेल्या १० पैकी ९ बाळांत मात्र तो कायमचा राहतो. म्हणून एका रिपोर्टवर काही ठरवू नका. एचबीएसएजी, म्हणजे बी रक्तात आहे का ते दाखवणारी टेस्ट, सहा महिन्यांनी परत करा, आणि आत्ता एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरल लोड, आणि पोटाची सोनोग्राफी. जिल्हा रुग्णालयात विचारा, २०१८ पासून केंद्र सरकारचा हिपॅटायटीसचा कार्यक्रम चालू आहे, त्यात तपासणी आणि बी-सी ची औषधं मोफत आहेत.

तापीकाठ
माळेला नावं ठेवू नका. माझ्या मामांना माळ घातली होती, पंधरा दिवसांत डोळे पांढरे झाले, आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

लॅबवाला_भुसावळ
दादा, मामा बरे झाले ही चांगलीच गोष्ट, पण त्यांना पाण्यातून होणारी ए किंवा ई असेल, ती बहुतेकांची आराम केला की काही आठवड्यांत आपली आपणच जाते, माळ घाला नाहीतर नका घालू. माळ लांबली की कावीळ उतरली असं मानतात, पण ती लांबते काड्या वाळून गाठी सैल झाल्यामुळे. बी वाल्याने माळेवर विसंबून चार महिने घालवले तर लिव्हर वाट बघत नाही. मी असे पेशंट बघितलेत, पोटात पाणी भरल्यावर येतात, आणि मग आम्हाला रिपोर्ट हातात द्यायलासुद्धा जड जातं.

अमळनेरची_सून
ताई म्हणून सांगते, वहिनीला आजच सांगा, लपवू नका. माझ्या मिस्टरांना सहा वर्षांपासून बी आहे, रोज रात्री जेवल्यावर टेनोफोविरची एक गोळी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. दारू पूर्ण बंद. कामावर जातात, कळण्याची भाकरी आणि भरीत आमच्यासोबत एकाच ताटात खातात. मधे एकदा कोणाच्या सांगण्यावरून गोळी बंद केली होती तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला आकडा, एकदम चढलं, तेव्हापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवस चुकवत नाही. सगळ्यांनाच गोळी लागत नाही बरं, ते लोड आणि लिव्हर बघून ठरवतात.

ताट वेगळं ठेवायची काही गरज नाही, आईंना समजवा. सोबत जेवल्याने, कुशीत घेतल्याने होत नाही. हा रोग रक्तातून आणि नवरा-बायकोच्या संबंधातून जातो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं रेझर, नेलकटर आणि टूथब्रश. सांडून वाळलेल्या रक्तातसुद्धा हा व्हायरस सात दिवस जिवंत राहतो. सलूनमध्ये नवं ब्लेड लावायला सांगायचं, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घ्यायचं नाही.

वहिनीची एचबीएसएजी करा, गरोदरपणात तशीही करतातच, फाइलमध्ये रिपोर्ट असेल तो बघा. निगेटिव्ह असेल तर तिला लस द्या, गरोदरपणात चालते, तीन डोस असतात, आणि ते होईपर्यंत निरोध वापरायला सांगा. पॉझिटिव्ह निघाली तरी हातपाय गाळू नका, लोड जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून गोळी सुरू करतात आणि बाळ जन्मलं की लस २४ तासांच्या आत आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (बी विरुद्धच्या तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन, ते शक्यतो १२ तासांत. मग सहा, दहा, चौदा आठवड्यांची पेंटा, म्हणजे बी सकट पाच रोगांची एकत्र लस. दूध पाजायला हरकत नाही. डिलिव्हरी जिथे करणार तिथे ते इंजेक्शन आहे का हे आधीच विचारून ठेवा, रात्री-अपरात्री कुठे शोधणार.

धुळेकर_नाना
पाण्याचंही मनावर घ्या, घरात गरोदर बाई आहे म्हणून लिहितो. बी जितका नाही तितका ह्या दिवसात ई घातक असतो, शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर जीवावर बेततं. माझ्या चुलत बहिणीला आठव्या महिन्यात झाला होता, ती वाचली, बाळ नाही वाचलं. आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ यायचा, टाकीत साठवलेलं पाणी, पाइपलाइनला गटाराजवळ गळती, आणि आम्ही कोणी उकळत नव्हतो. ए ची लस खाजगीत मिळते, ई ची इकडे मिळत नाही, तेव्हा वहिनीला खळखळ उकळून गार केलेलंच पाणी द्या आणि बाहेरचा बर्फ, उसाचा रस डिलिव्हरीपर्यंत बंद.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे खूप आभार. वहिनीला परवा सांगितलं, रडली नाही, उलट फाइल काढून आणली, त्यात निगेटिव्हच होती. तरी परत टेस्ट केली, तीही निगेटिव्ह, काल पहिला डोस घेतला. भावाचं व्हायरल लोडचं सॅम्पल गेलंय. नाना, तुमचं वाचून आईने कालपासून मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला सुरुवात केलीय. पण डॉक्टरांनी विचारलं घरात अजून कोणाला आहे का, तर आम्ही नाही म्हटलं.

लॅबवाला_भुसावळ
नाही कशावरून म्हटलं भो? कोणाची टेस्ट झालीय का? भावाला लहानपणापासून असेल तर आईकडूनच आलेलं असू शकतं, आणि मग तुम्ही सख्खे भाऊ, म्हणजे तुमचीही झालीच पाहिजे. तुमच्या वेळी जन्मल्याबरोबर ही लस सगळीकडे देत नव्हते, आपल्या सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ ला. निगेटिव्ह निघालात की लगेच लस घ्या, तीन डोस, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. आईला पण घेऊन या, उपाशीपोटी यायची गरज नाही.

केळीबाग_यावल
माझं डोक्यातच नव्हतं आलं हे. सोमवारी दोघं येतो.