मदत हवी आहे: गुदद्वाराच्या कर्करोगात केमो-रेडिएशन, मायटोमायसिन घ्यावं की सिस्प्लाटिन, पंप की गोळ्या?

रानजाई:
रुग्ण स्त्री, वय 64. गुदमार्गात 3.5 सेंमीची गाठ, बायॉप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग). एमआरआय आणि पेट-सीटीत लसिकाग्रंथी स्वच्छ, म्हणजे टी2 एन0 (2 ते 5 सेंमीची गाठ, ग्रंथींत पसरलेली नाही). एचआयव्ही निगेटिव्ह. शरीराचं पृष्ठफळ (केमोची मात्रा यावरून ठरते) 1.5 चौरस मीटर. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) 54. हृदयाच्या झडपा ठीक आहेत, पण एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाची अनियमित लय) वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू आहे.

रेडिएशनबाबत दोन्ही ठिकाणी एकच सांगितलं: आयएमआरटी (किरणं गाठीच्या आकाराप्रमाणे नेमकी देण्याची पद्धत), 28 सिटिंगमध्ये 50.4 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक). केमोवर मात्र दोन मतं आहेत. पहिलं मत मायटोमायसिन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या (यांचं शरीरात 5-एफयूच होतं). दुसरं मत सिस्प्लाटिन आणि 5-एफयूचा पंप (शिरेतून सतत औषध सोडणारा), कारण मायटोमायसिनने रक्तपेशी फार उतरतात.

बरं होण्याच्या शक्यतेत या दोहोंत फरक आहे का? या रुग्णाला नेमकं काय सोसेल? आणि एवढी लहान गाठ सरळ कापून का टाकत नाहीत, असं घरातले सारखं विचारतात, त्याचंही उत्तर हवं आहे.

देवराई:
घरातल्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच या उपचाराचं मूळ आहे. 1970च्या दशकापर्यंत शस्त्रक्रिया हाच उपाय होता: गुदद्वार स्नायूंसकट काढायचं आणि पोटावर शौचासाठी कायमची पिशवी. 1974 मध्ये डेट्रॉइटच्या नॉर्मन निग्रो यांनी ऑपरेशन सोपं व्हावं म्हणून आधी 30 ग्रे रेडिएशन आणि सोबत केमो द्यायला घेतली. पुढे काढलेले भाग तपासले तर त्यांत कर्करोग उरलेलाच नाही, असं दिसायला लागलं. तिथून ऑपरेशन मागे सरकलं. ते आता केमो-रेडिएशननंतर गाठ उरली किंवा परत आली तरच करतात. गुदद्वाराच्या बाहेरच्या कडेवरची अगदी छोटी, आकुंचक स्नायूंपासून दूर असलेली गाठ नुसती कापून भागतं, पण 3.5 सेंमीची आतली गाठ त्यात बसत नाही.

नुसतं रेडिएशन का नको, तेही सांगतो. ब्रिटनच्या 585 रुग्णांच्या चाचणीत (1996) नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी 59 टक्क्यांत जागेवरचा आजार आटोक्यात आला नाही. 5-एफयू आणि मायटोमायसिन जोडल्यावर तो आकडा 36 टक्क्यांवर आला. मग त्यातलं त्रासदायक मायटोमायसिन गाळून पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या त्या चाचणीत चार वर्षांनी पिशवी लागण्याचं प्रमाण 5-एफयू एकट्यासोबत 22 टक्के होतं, मायटोमायसिन असताना 9 टक्के. म्हणजे दुसरं औषध हवंच.

आता मायटोमायसिन की सिस्प्लाटिन. इथे दोन मोठ्या चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतात असं वाटतं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आरटीओजी 98-11 या अमेरिकन चाचणीत पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेले मायटोमायसिनच्या गटात 67.8 टक्के होते, सिस्प्लाटिनच्या गटात 57.8. पण त्या दुसऱ्या गटाला रेडिएशनच्या आधी सिस्प्लाटिन-5-एफयूची दोन चक्रं दिली होती, त्यामुळे रेडिएशन जवळपास दोन महिने उशिरा सुरू झालं. हरलं ते औषध की तो उशीर, हे त्या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही. 940 रुग्णांच्या ॲक्ट-2 या ब्रिटिश चाचणीत (2013) दोन्ही औषधं पहिल्या दिवसापासून रेडिएशनसोबतच दिली. 26 आठवड्यांनी गाठ पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण मायटोमायसिनसोबत 90.5 टक्के, सिस्प्लाटिनसोबत 89.6. फरक नाहीच म्हणा. उपचार संपल्यावर आणखी केमो देण्याचाही फायदा झाला नाही.

त्यामुळे तुमच्या रुग्णासाठी 'जास्त जोरदार औषध कोणतं' हा प्रश्न बाजूला ठेवा. कोणत्या जोडीने 28 सिटिंग न तुटता पूर्ण होतील, ते बघा.

औषधमात्रा:
देवराईंशी सहमत. आता या रुग्णाचे आकडे त्यात घालून पाहू.

सिस्प्लाटिन: ॲक्ट-2 मधली मात्रा चौरस मीटरला 60 मिग्रॅ, पहिल्या आणि 29व्या दिवशी. 1.5 पृष्ठफळाला प्रत्येक वेळी 90 मिग्रॅ. हे औषध मूत्रपिंडावर येतं. क्लिअरन्स 60च्या खाली असला की बरेच विभाग मात्रा कमी करतात किंवा औषधच टाळतात. 54 वरून सुरुवात केली आणि मधे जुलाबांनी पाणी कमी झालं, तर दुसरा डोस बहुधा हुकेल. शिवाय आधी-नंतर भरपूर सलाईन, मॅग्नेशियम, उलटीची दोन-तीन औषधं आणि ऐकण्याची तपासणी हे सगळं आलं. हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णाला एवढं सलाईन देतानाही जपावं लागतं. रक्तपेशींचा मुद्दा खरा आहे: ॲक्ट-2 मध्ये त्यांची गंभीर घसरण मायटोमायसिनसोबत 26 टक्क्यांत, सिस्प्लाटिनसोबत 16 टक्क्यांत झाली. पण सगळे गंभीर त्रास एकत्र धरले तर दोन्ही गट सारखेच निघाले. या रुग्णासाठी तेवढ्यावर सिस्प्लाटिनकडे वळावं असं मला वाटत नाही.

मायटोमायसिन: ब्रिटिश पद्धतीत चौरस मीटरला 12 मिग्रॅ, एकदाच, पहिल्या दिवशी. इथे 18 मिग्रॅ. अमेरिकन पद्धतीत 10 मिग्रॅ पहिल्या आणि 29व्या दिवशी, म्हणजे 15 आणि 15. पेशींची भीती असेल तर एकच डोस असलेली पद्धत मागा. वयाच्या चौसष्टीत मला तीच बरी वाटते. औषध निळसर-जांभळं असतं, त्यामुळे शिरेतून जाताना डोळ्यांना दिसतं. नुसत्या हाताच्या शिरेतून ते बाहेर पाझरलं तर मांस सडतं, आणि जखम कधी कधी काही दिवसांनी उघडी पडते. म्हणून पिक लाइन किंवा पोर्ट (मोठ्या शिरेत पोचणारी नळी) असावा. टोचताना जराही चुरचुरलं तर त्याच क्षणी सांगायचं, 'थोडं तर राहिलंय' म्हणून सोसायचं नाही.

कॅपेसिटाबिन: चौरस मीटरला 825 मिग्रॅ दोन वेळा, फक्त रेडिएशनच्या दिवशी, शनिवार-रविवार सुट्टी. हिशोबाने 1237 मिग्रॅ येतात. गोळ्या 500 आणि 150च्या, म्हणून एका वेळी 1300 (दोन मोठ्या, दोन लहान) किंवा 1150. जेवणानंतर अर्ध्या तासात. पंप टळतो, पण या घरात अडचण वॉरफरिनची आहे. कॅपेसिटाबिन वॉरफरिन यकृतात मोडू देत नाही. आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा; वाढला की रक्तस्रावाची भीती) काही दिवसांत वर जातो आणि गोळी बंद केल्यावरही महिनाभर डळमळीत राहू शकतो. नेमक्या त्याच काळात मायटोमायसिन प्लेटलेट खाली आणतं आणि गाठीची जागा सोललेली असते. 5-एफयूच्या पंपानेही आयएनआर वाढतो, तेव्हा पंप घेतला म्हणून सुटका झाली असं नाही. झडपा ठीक आहेत तर वॉरफरिनऐवजी अपिक्सॅबानसारखी गोळी किंवा हेपरिनची इंजेक्शनं चालतील का, हे हृदयरोगतज्ज्ञांना केमो सुरू होण्याआधी विचारा.

पंप: 5-एफयू चौरस मीटरला 1000 मिग्रॅ रोज, चार दिवस सलग, पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात. इथे रोज 1500, एका खेपेला 6000 मिग्रॅ. पंप ठरल्यापेक्षा लवकर रिकामा झाला तर ती तातडीची बाब आहे. 96 तासांच्या आत युरिडिन ट्रायॲसिटेट हा उतारा देता येतो.

गोळी असो वा पंप, आधी डीपीडी या, 5-एफयू शरीरात मोडणाऱ्या विकराची (एन्झाइम) जनुकीय तपासणी करा. युरोपच्या औषध संस्थेने 2020 मध्ये ती शिफारस केली आहे. हे विकर कमी असलेल्या माणसाला नेहमीचीच मात्रा विषासारखी ठरते. पहिल्या आठवड्यातच तोंडात फोड आणि जोराचे जुलाब सुरू झाले तर हाच संशय घ्यायचा. छातीत दुखलं तर पंप लगेच बंद, कारण 5-एफयूने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊ शकतात.

माझं मत: मायटोमायसिन एकदाच. वॉरफरिन बदलता आलं तर सोबत गोळ्या, नाही तर पंप आणि आठवड्यातून दोनदा आयएनआर.

रानजाई:
औषधमात्रा, देवराई, मनापासून आभार. वॉरफरिनबद्दल दोन्ही ठिकाणी कुणीच बोललं नव्हतं. अजून एक विचारते: चौथ्या आठवड्यात पेशी उतरल्या तर रेडिएशनही थांबवायचं का? आणि कातडीचं काय करायचं?

औषधमात्रा:
थांबवायची ती केमो. बहुतेक ठिकाणी न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1,000 ते 1,500 आणि प्लेटलेट 75,000 ते 1,00,000च्या खाली असतील तर दुसरी खेप पुढे ढकलतात किंवा कमी करतात. रेडिएशन शक्य तोवर चालूच ठेवतात. गाठीच्या वाचलेल्या पेशी सुट्टीत पुन्हा वाढतात, मोठा खंड पडला तर नियंत्रण ढासळतं. प्लेटलेट 50,000च्या खाली गेल्या तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा पूर्ण डोस चालू ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ताप 38 सेल्सिअसला पोचला की रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन बघू, असं करू नका. तापाचा आकडा झाकला जातो आणि आतला संसर्ग वाढत राहतो.

सायली_वॉर्ड:
कातडीचं मी सांगते.

आयएमआरटीमुळे पूर्वीपेक्षा बरंच सुसह्य झालं आहे. आयएमआरटीच्या आरटीओजी 0529 चाचणीत कातडीचा गंभीर त्रास 23 टक्क्यांना झाला, जुन्या पद्धतीत तो 49 टक्क्यांना व्हायचा. तरी लालसरपणा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतोच. जांघेची घडी आणि नितंबांमधली फट आधी सोलते, कारण तिथे कातडीला कातडी घासते आणि ओल राहते. सर्वांत वाईट काळ शेवटचा आठवडा आणि नंतरचे एक-दोन आठवडे. 'ट्रीटमेंट संपली तरी वाढतंच आहे' म्हणून घाबरू नका.

पहिल्या दिवसापासून: टबात साधं कोमट पाणी, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा आणि प्रत्येक शौचानंतर. गरम नको, जंतुनाशक नको. टॉयलेट पेपरने पुसू नका, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. तिथले केस काढायला वस्तरा वापरू नका. लघवीला आग होत असेल तर लघवी करतानाच वरून कोमट पाण्याची धार सोडा, लगेच फरक पडतो. मलम पातळ लावा. सिटिंगच्या आधी जाड थर असला तर किरणांची मात्रा कातडीवर वाढते. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावलं असेल तर ते आधी हलक्या हाताने धुवून काढायचं.

वेदनेची औषधं वेळेवर मागा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मॉर्फिन लागणं नेहमीचं आहे. शौचाच्या भीतीने रुग्ण खाणं कमी करतो, वजन घटतं, आणि शरीर रोज एकाच स्थितीत धरणाऱ्या साच्यात ते नीट बसेनासं झालं की पुन्हा प्लॅनिंग करावं लागतं. जुलाब लागले आणि ताप नसेल तर लोपेरामाइड: आधी 4 मिग्रॅ, मग प्रत्येक पातळ शौचानंतर 2 मिग्रॅ, दिवसात 16 मिग्रॅच्या वर नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठ झालं की उलट मल मऊ करणारं औषध लागतं, त्यामुळे दोन्ही घरात हवीत आणि रोज सकाळी ठरवायचं.

रोज सिटिंगच्या आधी मूत्राशय प्लॅनिंगच्या वेळी होतं तेवढंच भरलेलं हवं. भरलेलं मूत्राशय आतड्याला वर ढकलतं आणि किरणांपासून वाचवतं.

स्त्रियांशी एक विषय डॉक्टर स्वतःहून काढतीलच असं नाही: योनिमार्ग आक्रसतो. कातडी बरी झाल्यावर, साधारण चार आठवड्यांनी, डायलेटर (योनिमार्ग रुंद ठेवणारं गुळगुळीत नळीसारखं साधन) सुरू करायचा. पुढे तपासणी करता येण्यासाठीसुद्धा तो लागतो. आणि हा आजार बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, जो गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही कारण असतो, म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी उपचाराआधीच करून घ्या. धूम्रपान असेल तर आजच बंद.

देवराई:
शेवटचा मुद्दा, कारण इथे घाईने नुकसान होतं. गाठ सावकाश विरघळते. ॲक्ट-2 मध्ये 11 आठवड्यांनी ज्यांची गाठ पूर्ण विरघळली नव्हती, अशा रुग्णांपैकी 72 टक्क्यांत ती 26व्या आठवड्यापर्यंत विरघळली. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात थोडं कडक लागलं, तरी आकार घटत असेल तर थांबायचं. लगेच बायॉप्सी नको: भाजलेल्या जागेची जखम भरत नाही आणि मरू घातलेल्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत वाटू शकतात. गाठ वाढत असेल तर मात्र 26 आठवड्यांची वाट बघू नका, तेव्हा बायॉप्सी लागतेच. पहिली तपासणी कोणत्या आठवड्यात, बोटाने कोण तपासणार, एमआरआय कधी, हे पहिल्या सिटिंगच्या आधी लिहून घ्या. शक्यतो दर वेळी एकच हात तपासणारा असावा. मागच्या वेळी किती कडक होतं ते त्याच बोटाला आठवतं.