खडू नको, तिरपा उजेड

रेवदंड्याच्या पोर्तुगीज थडग्यांवरची अक्षरं खडू घासून वाचा, असं एकाने सुचवलंय. कृपा करून नको! पूड झिजलेल्या खाचांत अडकते, आणि आपल्याला जे वाटलं तेच अक्षर आपण गिरवून मोकळे होतो. त्यापेक्षा छत्रीची सावली धरा आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा झोत टाका. कॅमेरा न हलवता चार बाजूंनी चार फोटो घ्या. डाव्या-उजव्या उजेडात उभ्या रेघा उठून दिसतात, वरच्या-खालच्या उजेडात आडव्या. एकाच फोटोवर विसंबलं की अर्धं अक्षर हमखास निसटतं.

वेंगुर्ल्याच्या डच वखारीत (१६३७) मात्र लेखांच्या मागे लागू नका. ती जांभ्या दगडाची आहे; जांभा सच्छिद्र, त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. तिथे चुन्याचा गिलावा आणि सांधे बघा; एकाच भिंतीत चिऱ्यांचं माप मध्येच बदललं तर बहुधा नंतरची डागडुजी. पावसाळा संपल्या संपल्या रान माजलेलं असतं, म्हणून माघ-फाल्गुनात जा. आणि फोटोसाठी भिंतीतली मुळं उपटू नका, बरेचदा भिंत त्यांनीच धरून ठेवलेली असते.