शब्दचर्चा: भरतीच्या गोड्या पाण्यातील स्प्रूस-वन

प्रश्न: अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाजवळ सिट्का स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची दलदलीतील वने आहेत. त्यांच्यासाठी ‘खाजण’ किंवा ‘खारफुटी’ यांपैकी एखादा रूढ शब्द चालेल का? भरतीचे पाणी गोडे कसे, असेही वाचक विचारतील.

पहिले उत्तर: हे दोन्ही शब्द टाळावेत, कारण दोहोंत खारटपणा गृहीत आहे आणि ही वने तर खारे पाणी फारसे पोहोचत नाही तेथेच वाढतात. समुद्र चढला की नदीचा प्रवाह अडतो आणि तुंबलेले पाणी काठावर पसरते. ते नदीचेच असल्यामुळे गोडे असते. कोलंबियात हा चढउतार मुखापासून सुमारे २३५ किलोमीटरवरील बॉनव्हिल धरणापर्यंत जाणवतो, खारे पाणी मात्र खालच्या भागातच थांबते. नुसते ‘दलदलीचे जंगल’ म्हणणेही अपुरे आहे. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथे आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जायफळाच्या कुळातील वृक्षांची जी दलदलीतील वने आहेत, ती गोड्या पाण्याचीच आहेत, पण त्यांचा भरतीशी संबंध नाही. म्हणून ‘भरतीच्या गोड्या पाण्यातील स्प्रूस-वन’ हे लांबलचक नावच मला योग्य वाटते.

दुसरे उत्तर: नावाशी सहमत आहे, मात्र अशा लेखनात खरी चूक होते ती तेथील वनस्पतींच्या नावांत. ज्या वनस्पतीला इंग्रजीत ‘स्कंक कॅबेज’ म्हणतात तिचा कोबीशी काही संबंध नाही. ती अळू-सुरणाच्या कुळातली असून वसंताच्या आरंभी तिचा पिवळाधमक महाछद, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारे मोठे पान, चिखलातून वर येतो आणि उग्र वास सोडतो. ‘रानअळू’ म्हटल्यास आपल्याकडच्या निराळ्या वनस्पतीचा भ्रम होईल, तेव्हा ‘अळूच्या कुळातील लायसिकिटन’ असे लिहावे. तेथे दाट वाढणाऱ्या ‘स्लाउ सेज’ला कोणी गवत म्हणतात, पण ती लव्हाळ्याच्या कुळातली आहे. विलोसाठी मात्र ‘वाळुंज’ निःशंकपणे वापरावा, कारण आपला वाळुंज त्याच प्रजातीतला (इंग्रजीत ‘जीनस’) आहे.

पहिले उत्तर, पुढे: या यादीला जमिनीच्या रचनेचा आधार दिला तर ती अधिक बोलकी होईल. मोठ्या भरतीला सखल भाग बुडतो आणि तेथे लव्हाळी व लायसिकिटन राहतात; स्प्रूसची रोपे मात्र मोठ्या झाडांच्या मुळांभोवतीच्या उंचवट्यांवर आणि पडलेल्या, शेवाळलेल्या ओंडक्यांवर रुजतात, कारण पाण्याच्या वर असलेली चार बोटे जागाही त्यांना पुरते. त्याच ओंडक्यांवर हेमलॉक हा सूचिपर्णी वृक्ष, सॅमनबेरीची झुडपे आणि नेचे वाढतात. उजेड मिळेल तेथे लाल आल्डर हा वृक्ष येतो. त्याच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन बांधून ठेवतात. ओंडक्याला ‘मृत लाकूड’ म्हणून सोडून देणे मला म्हणूनच पटत नाही. ‘रोपधारक ओंडका’ हा शब्द त्याचे काम सांगतो.

दुसरे उत्तर: ‘रोपधारक’ स्वीकारार्ह आहे. एक सूचना राहिली: या वनांतील ‘रेड सीडर’साठी ‘देवदार’ लिहू नये. देवदार पाइनच्या कुळातील हिमालयीन वृक्ष आहे, तर रेड सीडर थुजा या प्रजातीचा असून सायप्रसच्या कुळात मोडतो. तेव्हा ‘थुजा’ हेच नाव ठेवावे.