अभियांत्रिकी सोडून परिचारिका व्हावे का?

प्रश्न : मी मेळघाटातल्या धारणीची, कोरकू आदिवासी घरातली, अमरावतीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आजीला दवाखान्यात नेले, तेव्हा ‘कुठे दुखते’ हे तिला कोरकूत विचारणारे तिथे कोणीच नव्हते, आणि तेव्हापासून नर्सिंगकडे वळावे असे वाटते. मात्र बारावीला जीवशास्त्र नव्हते.

उत्तर : बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागते. ३ वर्षांच्या जीएनएम या नर्सिंग पदविकेला मात्र इंग्रजीसह बारावी झालेले इतर शाखांचे विद्यार्थीही चालतात. आताचा प्रवेश रद्द करण्याआधी शुल्काचे आणि शिष्यवृत्तीचे काय होणार, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या.

उत्तर : त्याहीआधी आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएम ताईंबरोबर, म्हणजे आरोग्यसेविकेबरोबर, लसीकरणाचे दोन दिवस काढा, पावसाळ्यात लसींची पेटी खांद्याला लावून नाला ओलांडणे हेही याच नोकरीत येते.

प्रश्नकर्ती : जाते. दुखणार नाही अशी सुई टोचायला आधी शीक, असे आजीचे म्हणणे आहे.